आधी हात, मग तोंड

अख्तरी चाची रिसोडची. काळीपिवळी जीपच्या टपावर तिची बांगड्यांची पेटी असते. फाट्यावर उतरली की आधी दगडावर बसून गुडघे दाबते आणि मगच गावात शिरते. वय सत्तरीला टेकलं आहे. आयुष्यभर बायांचे हात भरत आली, पण तिच्या स्वतःच्या मनगटात तिच्या नवऱ्याचं, गुलाम नबीचं, जुनं घड्याळ असते आणि ते चालत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "टाइम पाह्याले नाई घातलं, वजनाले घातलं."

तिच्याबद्दल सांगायचं तर आधी माझ्या पोरीबद्दल सांगावं लागते, आणि पोरीबद्दल बोलायला लागले की माझं डोकं फिरते. पोरीवर नाही फिरत, बाकी साऱ्या दुनियेवर फिरते. माझं माहेर अकोल्याकडचं, कॉलेजात दोन वर्षं गेले, म्हणून माझी भाषा अर्धी पुस्तकी आहे. सासरी मी फार बोलत नाही. पण बोलत नाही म्हणजे डोक्यात काही चालत नाही, असं ज्याला वाटते त्याला मी हात जोडते.

पोरीचं नाव संस्कृती. आठ वर्षांची. दूध प्यायची तेव्हापासून हिची टकळी सुरू. कोंबडीनं अंडं कुठं घातलं, मास्तरांच्या गाडीला किक किती वेळा मारावी लागली, आजीच्या डब्यात गूळ किती उरला, सगळं सगळ्यांना सांगणार. जिभेला हाड नाही म्हणतात ना, हिच्या जिभेला तर मुक्कामच नव्हता. हिच्या बाबांना त्याचं भारी कौतुक. संध्याकाळी शेतातून आले की बैल बांधायच्या आधी म्हणायचे, "सांग व, आज काय काय झालं?" आणि ही सांगत बसायची, ते ऐकत बसायचे, आणि मी चुलीवरून ओरडायची की जेवण थंड होऊन राह्यलं.

दोन वर्षांमागं सोयाबीनच्या सोंगणीत ते गेले. आभाळ भरून आलं म्हणून मजूर दुपारीच घरी परतले होते. सोंगलेल्या सोयाबीनची सुडी, म्हणजे रचलेला ढीग, शेतात तशीच उघडी होती. हे एकटे तिच्यावर ताडपत्री ओढत होते, आणि पोरगी शेतातल्या खोपडीत, झोपडीत, बसली होती, कारण शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर हट्ट करून तीही शेतात गेली होती. वीज पडली. पाऊस उघडल्यावर शेजारच्या शेतातले उकंडराव तिकडं गेले आणि पोरीला उचलून घरी आले. मागाहून त्यांनी एवढंच सांगितलं की पोरगी बापाजवळ बसून काहीतरी बडबडत होती. भ्यालेलं लेकरू बडबडतेच, त्यात काय विचारायचं? कोणी विचारलंही नाही.

मग आमच्याकडं लोक बसायला येऊ लागले. आमच्याकडची रीत अशी की बाई दारातून रडत आत येते, घरच्या बायांच्या गळ्यात पडते, मग सगळ्या खाली बसतात, आणि थोड्या वेळानं कोणी तरी हळूच विचारते, कसं झालं. त्या विचारण्याचं उत्तर घरच्या मोठ्यानं द्यायचं असते, तेही थोडक्यात. आमच्या घरी उत्तर द्यायला संस्कृती पुढं. "बाबा ताडपत्री ओढून राह्यले होते. वारा लय होता. मंग उजेड पडला. मंग बाबा झोपले." प्रत्येक बाईला तेच, त्याच शब्दांत. बाया पदर तोंडाला लावायच्या. सांगून झालं की ही त्यांना विचारायची, चहा घेता का, तुमच्या साडीला इथं भोक पडलं आहे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू सोजरबाई, हिला दंडाला धरून आत नेऊन बसवायच्या. ही मागच्या दारानं पुन्हा हजर.

माझ्या बांगड्या फोडल्या त्याच दिवशी. असं करायचं नाही असा ठराव गावात झाला होता म्हणे. ठराव पंचायतीच्या कपाटात पडून राहिला, आणि दगड आमच्या अंगणात होताच. त्याबद्दल मी इथं जास्त बोलत नाही, नाही तर हे लिहिणं बाजूला राहील.

खरी आग लागली ती गेल्या हिवाळ्यात. माझा दीर राजपाल याच्यासाठी जऊळक्याचं स्थळ आलं. पोरीकडचे लोक घर पाहायला आले. पोहे झाले, चहा झाला, पोरीची आई रंजीताबाई पलंगावर टेकली, आणि माझी पोरगी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. आधी ताडपत्रीची गोष्ट सांगितली. रंजीताबाईच्या डोळ्याला पाणी आलं. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती पुढं म्हणाली, "आजी म्हणते माह्या आईचा पायगुण खराब आहे. तुमच्या पोरीचा कसा आहे?"

रंजीताबाईनं कप खाली ठेवला. आत्याबाईंचा चेहरा असा उतरला की मला सुद्धा त्यांची कीव आली, आणि मला त्यांची कीव सहजासहजी येत नाही. खोटं तर पोरगी काही बोलली नव्हती. हातच्या काकणाला आरसा कशाला? घरात जे भांडी घासता घासता बोललं जात होतं, तेच तिनं बैठकीत मांडलं. पण पाहुणे उठले. सोयरीक लटकून पडली. होळीपर्यंत उकंडरावांनी खेटे घातले तेव्हा कुठं ती पुन्हा जुळली आणि वैशाखातली तारीख धरली.

माझे सासरे इंद्रभान, त्यांना मी मामाजी म्हणते, ते कमी बोलणारे माणूस. किशन गेल्यापासून, म्हणजे माझा नवरा गेल्यापासून, तर त्यांचं बोलणं बैलापुरतंच उरलं होतं. तारीख ठरली त्या दिवशी ते जेवताना म्हणाले की लग्न झालं की जूनमध्ये पोरीला वाशिमच्या एका होस्टेलात टाकायचं, तिथं शिस्त लागेल. लग्नात तिनं तोंड सांभाळलं तर पाहू. एवढं बोलून ते हात धुवायला उठले. माझ्या हातातली भाकर तव्यावर करपली. नवरा गेला, आता पोरगीही जाणार, आणि त्यावर मला कोणी "तुझं काय म्हणणं आहे" एवढंही विचारणार नाही. घरात मला काही विचारायची पद्धतच राहिली नव्हती.

मग आम्ही सगळे हिला गप्प करायच्या मागं लागलो. शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. घरात आत्याबाई तोंडात साखर कोंबायच्या. मी चिमटे काढायची. पोरगी दुपारपर्यंत तग धरायची, आणि मग धरण फुटल्यासारखी सुरू व्हायची, आधीपेक्षा दुप्पट.

लग्नाच्या बांगड्यांचं ठरवायला अख्तरी चाची आली त्या दिवशी आत्याबाई पिठाच्या गिरणीवर गेल्या होत्या. किती बाया, कोणत्या मापाच्या, हे बोलणं सुरू असतानाच पोरगी मधे येऊन बोलत सुटली आणि मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चाचीनं माझा तोच हात धरला. दोन वर्षांत माझ्या मनगटाला कोणी हात लावला नव्हता. मला रडू कोसळलं आणि मी तिला सगळं सांगितलं, होस्टेलचंही.

ती म्हणाली, "चूप बसवून काय होते, बेटी? चूप हाताले बांगडी चढत नाई."

मला वाटलं म्हातारी आपली काहीतरी बोलते. पण तिच्या धंद्यात ते खरंच तसं आहे. बांगडी चढवताना अंगठ्याच्या बुडाशी ती अडते. तिथं हात सैल पडला पाहिजे. बाई भ्याली, लाजली, रागावली की हात लाकडासारखा होते, आणि काच फुटून हातात घुसते. म्हणून चाची बोलत राहते आणि बाईला बोलतं ठेवते. बोलण्याच्या ओघात बाईचं लक्ष हातावरून उडते, आणि तेवढ्यात बांगडी आत. बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, ही म्हण तिला बघूनच कोणी केली असावी. तिनं मला सांगितलं, माझी फेरी असते त्या दिवशी पोरगी माझ्यासंग दे. पिशवी धरंल माही. आत्याबाईंना सांगितलं तर पोरगी लग्नापर्यंत घराबाहेर राहते या आनंदात त्यांनी लगेच हो म्हटलं.

पहिल्या फेरीचं मला पोरीनंच सांगितलं. एका घरी सून पुढं बसली. चाचीनं तिचा हात हातात घेतला. हातावर भाजल्याचा डाग. संस्कृती लगेच म्हणाली, "तुमाले भाजलं का?" ती बाई म्हणाली, हो, तेल उडालं. त्यावर हिनं विचारलं, "का कोणी भाजलं?" हात ताठ झाला आणि बांगडी फुटली. चाची रागावली नाही. बाईच्या हाताला हळद लावली, नवी बांगडी काढली, आणि बाहेर आल्यावर फुटका तुकडा पोरीच्या तळव्यावर ठेवला. म्हणाली, पहिला सवाल ठीक होता, हा दुसऱ्यानं फुटला. आधी हात पाह्य, मग तोंड उघड. एक इचारलं की थांब. समोरच्याले जेवढं द्याचं तेवढं तो देईन. ओढू नको.

तो तुकडा पोरीनं दप्तराच्या कप्प्यात ठेवला. मला भीती की हिला लागेल, पण काढू देईना.

थांबणं हे चाचीला कुठून आलं, तेही पोरीकडूनच मला कळलं. गुलाम नबी म्हणजे पूर्वी आसपासच्या बाजारांत मोठ्या आवाजाचा माणूस. दोघं मिळून दुकान लावायचे, तो हाळी द्यायचा, ही हात भरायची. तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन त्याच्या गळ्याला रोग झाला. ऑपरेशनात आवाज गेला. पुढं सहा वर्षं तो जगला, पण शब्द नाही. सुरुवातीला चाची त्याच्याशी दोघांच्या वाटचं बोलायची, स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची. एक दिवस त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिचं मनगट दाबलं. त्यानंतर तिनं सवय लावून घेतली. एक विचारायचं आणि थांबायचं. हो असेल तर तो मनगट दाबायचा, नाही असेल तर सोडून द्यायचा. कधी कधी चहा निवून जायचा तरी उत्तर यायचं नाही. पण यायचं. ती पोरीला म्हणाली, बोलत होता तवा मी त्याले इतकं नाई ऐकलं. हे सांगताना पोरगी माझ्याकडं न बघता पिशवीचे बंद गुंडाळत होती.

पोरीला हे काही लगेच जमलं असं नाही. थांबायचं म्हणून फ्रॉकची कड दातात धरून बसायची, त्या कडेची चाळण झाली. दुसऱ्या की तिसऱ्या फेरीला एका घरचं दुसऱ्या घरी बोलली, की अमक्या काकूकडं नवीन मिक्सर आला आणि तो त्यांनी सासूपासून लपवला आहे. चाचीनं त्या दिवशी तिला तिथूनच घरी परत पाठवलं. एकटीच रडत आली. पुढच्या खेपेला चाची आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "या घरचं त्या घरी नाई. हे जमत असंल तर पिशवी धर, नाईतर मी धरतो." पोरीनं पिशवी धरली.

आमच्या गल्लीच्या टोकाला निता म्हणून एक सून आहे. गेल्या वर्षी लग्न होऊन आली आणि कोणाशीच बोलत नाही. आम्हा बायांना वाटायचं गर्विष्ठ आहे. एकदा तिच्याकडून परतल्यावर पोरगी पायरीवर बसून राहिली. ओठ घट्ट मिटलेले. पोटात काहीतरी आहे हे मला कळत होतं. मी विचारलं, काय झालं, काय म्हणाली ती? पोरीनं दातातली फ्रॉकची कड सोडली.

"ते निताकाकूच्या घरचं आहे," ती म्हणाली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? जी पोरगी मला मुंगीच्या रांगेचाही हिशेब द्यायची, तिनं मला दाराबाहेर उभं केलं. मग चूल पेटवताना दुसरंच मनात आलं. निता कोणाशी बोलत नव्हती, ती माझ्या आठ वर्षांच्या पोरीशी बोलली होती. मी पोरीला जवळ घेतलं आणि काही विचारलं नाही.

लग्नाला थोडेच दिवस उरले असताना चाची मला गोठ्याजवळ गाठून म्हणाली, पोरीनं मले बाबाची गोष्ट सांगतली. मी म्हटलं, ती तर सगळ्यांनाच सांगते.

"सांगते. पण लोक उजेडापाशी रडतात न उठून जातात. मंग पोट्टी पुन्हा पयल्यापासून सुरू करते. त्याच्या पुढं काय झालं हे कोणी इचारलंच नाई. मी इचारलं."

मी विचारलं, काय म्हणाली? चाचीनं मान हलवली. "ते तिचं आहे. तू तिची माय आहे. तू इचार."

मी नाही विचारलं. त्या वावराकडं मी दोन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्या दुपारच्या पुढं काय होतं हे ऐकायची छाती मला होत नव्हती. रोज ठरवायची, आज विचारीन. रोज काहीतरी काम काढायची.

लग्नाआधी नवरदेवाच्या घरी बायांचे हात भरतात. मांडव पडला होता. त्याच्या सावलीत सतरंजी, मधे चाचीची पेटी उघडलेली, हिरवे डझन दोऱ्यात ओवलेले. जऊळक्याहून रंजीताबाई दोघी-तिघी बायांना घेऊन नवरीच्या बांगडीचं माप द्यायला आली होती, आत्याबाईंनी त्यांनाही हात भरायला बसवलं. मी पाणी देण्याच्या कामाला. हात भरायला बसणं माझ्या वाटचं नव्हतं. मामाजी मांडवाच्या कडेला दोर आवळत उभे होते, आणि मला माहीत होतं की त्यांचा एक कान इकडं आहे. संस्कृती चाचीच्या बाजूला बसून बांगड्या सोडवून देत होती. बायांना विचारत होती, तुमाले जाड आवडते का बारीक, आणि थांबत होती. आत्याबाई दोनदा माझ्याकडं बघून गेल्या.

मग रंजीताबाईची पाळी आली. बाई मनानं वाईट नाही, पण जुनं टोचत असावं. हात पुढं करत ती हसून म्हणाली, "काय व, आज मुकी झाली का? बाबाची गोष्ट नाई सांगत?"

आता ही सुरू होणार आणि जूनमध्ये माझं घर रिकामं होणार, एवढंच मला दिसत होतं. पोरीनं आधी रंजीताबाईच्या हाताकडं पाहिलं. मग मान वळवून मला शोधलं.

"सांगीन," ती म्हणाली. "पण ते आईचंबी आहे. आई, सांगू का?"

आणि थांबली.

दोन वर्षांत त्या घरात मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. आत्याबाई बघत होत्या. पोरगी काही घाईत नव्हती. चाचीनं हातातली बांगडी खाली ठेवली होती. मी तांब्या ठेवला आणि सतरंजीच्या काठावर बसले.

मी म्हटलं, "उजेड पडला. बाबा झोपले. मग तू काय केलं, बाई?"

तिनं चाचीकडं पाहिलं नाही. माझ्याकडंच बघत, फार हळू बोलली. इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"मी त्यांच्याजोळ गेली. पाऊस येऊन राह्यला होता, म्हून ताडपत्रीचं टोक त्यांच्या अंगावर टाकलं. ते उठत नव्हते. मंग मी त्यांले आज काय काय झालं ते सांगाले लागली. शाळेत बकरी घुसली होती न तिनं खिचडी खाल्ली, ते. बाबा ऐकतात ना रोज. मले वाटलं, मी बोलत राह्यली तर ते ऐकत राह्यतीन. मंग उकंडआबा आले न त्यायनं मले उचललं. गोष्ट अर्धी राह्यली."

कोणी रडलं नाही. रडायला सुचलंच नाही कोणाला. मला एवढंच कळत होतं की ही पोरगी दोन वर्षं का थांबत नव्हती, आणि आम्ही तिच्या तोंडात साखर कोंबत होतो.

"मग पुरी कर," मी म्हटलं. "मी ऐकून राह्यले."

तिनं सांगितलं. बकरी स्वयंपाकाच्या खोलीत कशी शिरली, खिचडीच्या पातेल्यात तोंड कसं घातलं, मास्तर खडू फेकून मारत होते आणि बकरी खडूही खात होती, शेवटी बकरीच्या मालकानं येऊन मास्तरांनाच दम दिला. कुठं कुठं ती थांबायची, मी मान हलवली की पुढं जायची. रंजीताबाईनं मधेच डोळे पुसले आणि मधेच हसली. माझा डावा हात कधी चाचीच्या हातात गेला मला कळलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी जरा कळ आली तेव्हा मी खाली पाहिलं. माझ्या मनगटात हिरवी बांगडी होती.

मी हात मागं ओढणार तोच आत्याबाईंकडं नजर गेली. त्या माझ्या मनगटाकडं बघत होत्या. पायगुण म्हणणारी तीच बाई. गळा खाकरून त्या चाचीला म्हणाल्या, "एकच कायले? भर दोनी हात."

आमच्याकडं हात भरून झाला की बाई मनियारणीच्या, म्हणजे बांगडीवालीच्या, पाया पडते. मी पडले तेव्हा चाचीनं मला उठवायला हात पुढं केला आणि तिच्या त्या बंद घड्याळावर माझं कपाळ टेकलं. ती पुटपुटत काही म्हणाली, ते तिचं आणि माझं आहे.

बाया पांगल्यावर मी मामाजींकडं गेले. ते मांडवाच्या कडेच्या खांबाशी होते, दोर हातात तसाच. त्यांच्यासमोर पदर सावरून मी आजवर चहाचा कप ठेवला होता, जेवायला वाढलं होतं, पण स्वतःहून वाक्य कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "मामाजी, पोरीले होस्टेलात नाई पाठवायचं." आणि थांबले. मी हलले नाही. मांडवात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं, सनईवाल्याची जीप कुठवर आली म्हणून राजपाल फोनवर ओरडत होता, आणि मी उभी होते.

बऱ्याच वेळानं ते बोलले. दोराकडं बघतच बोलले.

"उकंडरावानं मले सांगतलं होतं, किशन गेला तवा तिथं कोणी मोठं माणूस नव्हतं. दोन वर्सं झाले, मले तेच खाऊन राह्यलं. वाटे, माहा पोरगा पावसात एकटा पडून होता." त्यांनी हातातला दोर सोडला. "एकटा नव्हता तो. त्याच्यासंग कोणी बोलत होतं."

मग ते खांबाशी खाली बसले, धोतर आवरलं आणि संस्कृतीला हाक मारली. ती पिशवीचे बंद बांधत होती, तशीच धावत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून आधी त्यांच्या हाताकडं बघू लागली.

"बस," ते म्हणाले. "ते बकरीचं मले पयल्यापासून सांग."